परत

कोठीच्या चाव्या माझ्याकडे असत,
कारण माझं अक्षर बरं होतं.
नेम बरा नव्हता.
पाचातल्या चार गोळ्या मी मातीच्या ढिगात घातल्या
तेव्हाच हवालदार उईके म्हणाले,
‘बोकारे, तू दप्तर सांभाळ बापा,
दुश्मनाले तुह्यापासून धोका नाही.’

पहाटे साडेपाचला कस्तुरचंद पार्कवर
आम्ही लाकडी रायफली खांद्यावर घेत असू.
सागवानी. चाप नुसता रंगवलेला.
खऱ्या बारा होत्या, साखळीला बांधून,
आणि साखळीची किल्ली
पुन्हा माझ्याचकडे.

परातेचा पाय चुकायचा.
बाएँ म्हटलं की दाहिना.
एका रविवारी उईके त्याच्या घरी गेले, पाचपावलीला,
त्याच्या बापाच्या मागाशेजारी उकिडवे बसले,
बराच वेळ धोट्याचा आवाज ऐकत राहिले.
सोमवारी मैदानावर बाएँ-दाहिने सोडून ओरडले,
खट्, खटाक्. खट्, खटाक्.
पराते त्यानंतर चुकला नाही.
आम्ही बाकीचे आठवडाभर अडखळलो.

दसऱ्याचं सोनं अजून खिशात चुरगळत होतं
तेव्हा त्यांना पलटणीचं बोलावणं आलं.
कोठीच्या दारात टोपी काढून उभे राहिले.
‘तिकडे लई थंडी हाये म्हणते.
एक जर्सी दे मले. पोट्ट्यायची चालते,
मी कोनता मोठा हावो अंगानं.’
मी रजिस्टर पुढे केलं.
जर्सी, लोकरी, खाकी, नग एक.
त्यांनी सावकाश सही केली, मराठीत,
सगळी अक्षरं आधी, शिरोरेघ शेवटी,
पुंजाराम उईके, सरळ ओढत नेलेली.

हावडा मेलच्या खिडकीतून परातेच्या आईचं
सुती पासोडं आत गेलं
आणि चार संत्री. ती अजून आंबट होती.

नकाशात बोमदिला नव्हतं. वालाँग नव्हतं.
त्या जागी पिवळा रंग होता
आणि वहीच्या शिलाईची भोकं.
सीताबर्डीवर पानवाल्याच्या रेडिओपुढे माणसं
चुना लावलेलं पान हातात तसंच धरून उभी असत.
आज एका गावाचं नाव कळे,
उद्या ते गेलेलं असे.
भूगोल आम्ही असा शिकलो,
हरत हरत.

मुलींनी विणलेले मोजे आले, एकेचाळीस जोड.
एक मोजा सुटा.
तोही मी नोंदवला.
मग एके सकाळी लढाई थांबल्याचं कळलं
आणि पानवाल्याने रेडिओवर भजन लावलं.

पत्र आलं नाही. तारही नाही.
फेब्रुवारीत हिशेब तपासनीस आले,
त्यांचं बोट एका रिकाम्या रकान्यावर थांबलं.
‘ही कुठे आहे?’
‘सीमेवर.’
‘माणूस नाही विचारत. जर्सी.’
अकरा रुपये चाळीस नवे पैसे भरले.
त्यातले चार परातेचे.
पावती मिळाली, तिच्यावर लिहिलं होतं:
निष्काळजीपणामुळे गहाळ.

जुलैपासून सगळ्यांनाच सक्ती झाली.
सहाशे पोरं. चिखलात बुटांची गर्दी.
जर्सींचे गठ्ठेच्या गठ्ठे आले, भर पावसाळ्यात,
सगळ्या मोठ्या मापाच्या,
किरकोळ पोरांच्या गुडघ्यापर्यंत येणाऱ्या.
पराते आता हुकूम देत होता.
खट्, खटाक्.
पोरं हसत. त्यांना वाटे, ही त्याची लकब.
त्यानेही कधी सांगितलं नाही.

चाव्या सोपवताना नव्या कारकुनानं विचारलं,
‘हा रकाना कोरा का?
पैसे तर भरलेत. जमा लिहू?’
मी वाकून पाहिलं.
कोरा नव्हता पुरता.
उईकेंची शिरोरेघ नावाला पुरून उरली होती
आणि चौकट ओलांडून
‘परत’च्या घरात
बोटभर गेलेली होती.

राहू दे, म्हटलं.